पाणी नसलेलं बाळंतपण

दुष्काळाची ती वर्षं होती. जालना रोडला चिकलठाण्याकडे जाताना दर महिन्याला एखादी नवी इमारत दिसायची. तसल्याच एका इमारतीत आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. बाळंतिणींच्या वॉर्डात निम्मं आयुष्य काढल्यावर मी तिथं शिकवायला लागले. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतल्या नर्स यायच्या आणि रबराच्या डमीवर सराव करायच्या. सरावाचे प्रसंग ठरवायचं काम माझं होतं. पेशंट कोण, कशी आली, काय बिघडलं, नर्सनं काय करायचं, हे सगळं मी लिहायचे.

आमच्या संचालकांनी बाहेरून तयार प्रसंग मागवले होते. "मॅडम, तुम्ही फक्त मराठी करा," ते म्हणाले.

वाचता वाचता माझं डोकं तापलं. पेशंट अँब्युलन्समधून येते, तीही वेळेवर. शेजारी डॉक्टर उभेच. आणि पहिलीच सूचना, वाहत्या पाण्याखाली हात स्वच्छ धुवा. इकडे आमच्याच कॉलनीत आठ-आठ दिवस नळ येत नव्हता, आणि खेड्यांत टँकर दिसला की बायका हंडे घेऊन पळत होत्या. कुठलं वाहतं पाणी?

मी ते बाड बाजूला सारलं आणि माझा प्रसंग लिहिला. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली बाई, काळीपिवळी जीपमध्ये अवघडून आलेली. बाळ जन्मतं, पण रक्त थांबत नाही. केंद्रात एकटी नर्स, मदतीला आया. नळ कोरडा.

संचालकांनी 'नळ कोरडा' हे दोन शब्द खोडले.

"सराव आदर्श परिस्थितीत व्हायला हवा."

"सर, आदर्श परिस्थितीत बायका दगावत नाहीत."

"पाहुणे येतात इथं. आपल्या केंद्रांत पाणी नसतं, असं त्यांना दाखवायचं का?"

म्हणजे पाणी नसल्याची लाज नव्हती, ते दिसण्याची होती. सरावाच्या दिवशी मी बेसिनखालचा कॉक बंद करून टाकला.

सोयगावकडून आलेली एक नर्स पुढं आली. तरुण, बारीक, आवाज खणखणीत. तिनं नळ सोडला, तो नुसता फुसफुसला. ती थांबली नाही. आयेचं काम करणाऱ्या मैत्रिणीला बादलीतलं पाणी मगानं हातावर ओतायला लावलं, गर्भाशय चोळायला घेतलं, इंजेक्शन मागितलं, सलाइन लावायला सांगितलं. सगळं बिनचूक. मी खुश होऊन शाबासकी द्यायला गेले, तर तिनं ग्लोव्ह्ज काढून ट्रेमध्ये आपटले.

"मॅडम, हे तर आम्ही रोजच करतोय. इथं बी तेच शिकवायलात?"

"खरी परिस्थिती दाखवावी म्हणून..."

"व्हय, पण मग वरचे म्हणतील, बघा, पाण्याबिगर बी जमतंय यांना! मग कशाला देतील पाणी? लई हुशार झालो आम्ही, म्हणून नळ कोरडाच ठेवायचा का?"

इतके दिवस मी संचालकांवर चिडत होते. त्या पोरीचा राग माझ्या रागाच्या पुढचा होता, आणि तो खरा होता.

त्या दुपारी मी प्रसंगाला एक भाग जोडला. बाई सावरल्यावर नर्सनं वरच्या अधिकाऱ्याला फोन लावायचा आणि पाणी मागायचं. विनवणी नाही, मागणी. अधिकारी कोण होणार? मी सरळ संचालकांनाच बोलावलं. सगळ्यांसमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

"बघतो, बघतो," ते ठरावीक सुरात म्हणाले.

"बघू नका साहेब," सोयगावची ती नर्स म्हणाली, "टँकर कधी पाठवता ते सांगा. इथं बाळंतीण रक्तात पडलेली आहे."

"तुमचा बोलण्याचा सूर बरोबर नाही, सिस्टर."

"सूर नंतर बघा. टँकर कधी?"

संचालकांनी खोटा फोन खाली ठेवला आणि ते निघून गेले. छापायला गेलेल्या पुस्तिकेतून त्यांनी नळही काढला आणि फोनही. मी मात्र पुढच्या प्रत्येक तुकडीकडून दोन्ही तोंडी करून घेतलं. संचालकांना कळत होतं. मला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही, की त्यांनाही आतून पटलं होतं, कोण जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या नर्सचा फोन आला.

"मॅडम, लावला फोन. खरा. टँकर आला."

"शाबास गं!"

"नोटीस बी आली. वरिष्ठांशी उद्धट बोलले म्हणून."

मी संतापले. पाणी मागणं म्हणजे उद्धटपणा! बाळंतिणीच्या अंगावरचं रक्त पुसायला थेंब नाही हे सांगणं म्हणजे शिस्तभंग! रविवारी ती एस.टी.नं आली. माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघींनी उत्तर लिहिलं. माफीचा शब्द घालायचा नाही, असं तिनं आधीच बजावलं होतं. मी घातला नाही.

वरून पुन्हा काही आलं नाही. टँकर मात्र पाऊस लागेपर्यंत येत राहिला.