पदराआडचा माईक

आमच्या वेल्ह्याकडच्या खाचरात त्या वर्षी भात चांगलं आलं, म्हणून सरकारी फिल्म काढायला पुण्याहून तीन माणसं आली. त्या भाताची रोपं मी केली होती, गादीवाफ्यावर विरळ पेरून. पेरण्याआधी पालापाचोळा पेटवून राब भाजला नाही म्हणून सगळी आळी मला हसली होती, माझा नवरा, म्हणजे आमचे मालकसुद्धा. पण भात कमरेला लागल्यावर मालक येईल त्याला सांगू लागले, "आमी असं केलं, आमी तसं केलं." मी चारचौघांत बोलत नाही, हे त्यांना ठाऊक.

फिल्मच्या साहेबांनी विचारलं, "वाफा कुणी केला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "म्या." ते म्हणाले, मग बाईच बोलतील.

मी मनात एवढंच घोळवून ठेवलं : रोपं म्या केली, राब न भाजता. एवढ्या बोलण्याला अख्खी दुपार गेली.

माईक अंगठ्याच्या पेराएवढा होता आणि त्याच्यामागे लांबलचक वायर. तो चोळीत लपवायचा, फिल्ममध्ये दिसता कामा नये. आता चोळीला परक्या पुरुषाचा हात कसा लागू द्यायचा? म्हणून त्या तिघांतला आवाज भरणारा यंत्रवाला दाराबाहेर पाठ करून उभा राहिला आणि तिथून ओरडून सांगू लागला. आत माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, तो अडकवू लागल्या.

"आजी, गाठीच्या वर लावा. तोंड बाहेरच्या बाजूला."

"कुणाचं तोंड?"

"माईकचं!"

"त्या मुडद्याला तोंड कुठंय? समदीकडनं सारखाच हाय."

वायर लुगड्याच्या आतून पाठीमागे काढली आणि आम्ही खाचराच्या बांधावर गेलो. यंत्रवाल्याने कानाला टोपणं लावली. मी तोंड उघडायच्या आतच त्याने हात वर केला. "खसखस येतेय. लुगडं कोरं आहे का?"

कोरंच होतं. आत्याबाईंनी मुद्दाम ट्रंकेतून काढलेलं, खळीने पापडासारखं कडक. परत घरी. जुनं मऊ लुगडं काढलं, तर आत्याबाई आडव्या आल्या. "समदा तालुका बघनार आन् सून जुनेरात? लोकं म्हनतील, सासूनं काय घातलं हिच्या अंगावर?" मी तेच जुनं नेसले.

पुन्हा बांधावर. आता म्हणे काहीतरी किणकिणतंय. यंत्रवाल्याने बिचकतच विचारलं, "बाई, मंगळसूत्र काढता येईल का?"

"आरं बाबा, नवरा जित्ता हाय तिचा!" आत्याबाई कडाडल्या. "त्यो बघ हितं बिडी वढतोय!"

तिसऱ्यांदा घरी. मी सुई घेतली. गोधडीला घालतो तसे चार टाके घालून मंगळसूत्र चोळीला बसवलं, आणि माईक जुनेराच्या दोन चिंध्यांत धरून तोही टाचला. टाचलेलं कापड घासत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पदर मात्र दर खेपेला आत्याबाईच पिनेने बसवत होत्या.

तरी खसखस! यंत्रवाला म्हणाला, "बाई, श्वास हळू घ्या." मी श्वास धरला. श्वास धरून कुणी बोललंय का कधी? साहेबांनी उन्हाकडे पाहिलं. "जाऊ द्या. मालकच बोलतील."

मालकांनी बिडी टाकली, टोपी सरळ केली आणि ते पुढे आले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पेंढ्यांच्या रचलेल्या उडवीआड गेले, मागोमाग आत्याबाई, आणि मी स्वतःच पदर चाचपला. पिनेखाली, पदराच्या घडीत, बरोबर माईकवर एक कागदाची पुडी होती.

"आत्याबाई, ह्ये काय?"

"आंगारा हाय. येवढा मोठा डोळा लावून त्ये यंत्र तुझ्याकडं बघनार. दिष्ट लागली म्हंजे?"

"मग कपाळाला लावा की! कागदात कशाला?"

सासूवर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी अख्खी पुडी माझ्या कपाळाला फासली. मी बाहेर येऊन मालकांच्या पुढे उभी राहिले. कुणी विचारायची वाट पाहिली नाही. "रोपं म्या केली, राब न भाजता."

यंत्रवाल्याने मान हलवली. "स्वच्छ आलं."

काही महिन्यांनी भोरला एका हॉलमध्ये ती फिल्म दाखवली. आम्ही तिघं एसटीने गेलो. पडद्यावर एक जाड आवाजाचा माणूस खताबद्दल नि बियाण्याबद्दल बोलत राहिला, बोलतच राहिला. मला वाटलं, गेलं आपलं. मग तो थांबला आणि माझा आवाज आला. कुठे खसखस नाही, की किणकिण नाही. पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून मालकांना म्हणाला, "ह्या तुमच्याच का?"

"व्हय," मालक म्हणाले. मग आपणहून म्हणाले, "रोपं तिनंच केली."

मला ते नीट ऐकायचं होतं. पण आत्याबाईंनी कोपराने ढोसलं. "निस्तं तोंडच दावलंय गं! लुगडं कुठंय? मग कोरं काय वाईट व्हतं?"

वेल्हे येईपर्यंत एसटीत त्यांचं तेच चाललं होतं.