आडवी बाटली

आमच्याकडे गावोगावच्या बायका मतदान करून 'आडवी बाटली' निवडून आणतात आणि गावातलं दारूचं दुकान बंद पाडतात. मी बारा वर्षं आखातातल्या फुजैराच्या घरात एक बाटली आडवी सांभाळली, पण आमचं इथलं दुकान काही बंद झालं नाही.

बाटली वरच्या मजल्यावरच्या इटालियन शेजाऱ्याची. तो माझ्या नवऱ्याबरोबर ऑइल टर्मिनलवर कामाला होता. इथून कायमचा निघालेला माणूस आधी घर वाटून टाकतो. कुणाला मायक्रोवेव्ह, कुणाला पडदे. आमच्या वाट्याला इस्त्रीचं टेबल, एक कोरफडीची कुंडी आणि ही रेड वाइन आली. "ब्रुनेल्लो," तो म्हणाला, आणि लहान मूल हातात द्यावं तशी ती माझ्या हातात दिली. त्याच्या गावच्या टेकड्यांवरची, सांजोवेसे नावाच्या एकाच जातीच्या द्राक्षांची. आत्ता उघडाल तर तुरट लागेल, म्हणाला, दहा वर्षं थांबा. अंधारात आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील.

नवऱ्याचं काम जहाजात भरायच्या तेलाचे नमुने तपासायचं. बाटलीत भरायचं, सील करायचं, तारखेचं लेबल लावायचं. नुसत्या वासावरून तेलातली भेसळ सांगतो, असं त्याचं नाव आहे. त्याने या बाटलीलाही तारखेचं लेबल चिकटवलं, बेडरूमच्या कपाटात रजयांच्या मागे ती आडवी ठेवली आणि म्हणाला, "ही उघडली की गाशा गुंडाळायचा. खलास!"

मी ते खरं धरलं. माझी चूक म्हणा हवं तर. रत्नागिरीत आमचा फ्लॅट कुलूप लावून पडलाय. पलीकडच्या गल्लीत माझी मोठी बहीण एकटी राहते, तिचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. आम्हा दोघींचं ठरलेलं होतं, सकाळचा चहा एकत्र घ्यायचा. तेवढंच. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "काय गं, उघडली का बाटली?" आणि मी म्हणायची, अजून चार वर्षं, अजून तीन. दहा वर्षं झाली तेव्हा नवऱ्याने कुठून तरी वाचून आणलं की चांगली ब्रुनेल्लो पंधरा वर्षंही आरामात मुरते, आणि कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलं. बहीण त्यानंतर विचारेनाशी झाली.

यंदा पुन्हा दोन वर्षांचं पत्र आलं. सोमवारपर्यंत सही हवी होती. मी म्हटलं, "अहो, सही नंतर. आधी बाटली उघडायची." इतकी वर्षं ऐकून घेतल्यावर माझा आवाज जरा चढलाच होता.

लेक दुबईत एका हॉटेलात वाइनच्या विभागात आहे. अल मनखूलला दोन मैत्रिणींबरोबर राहते. शनिवारी दुपारी ती आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले मोठाले पेले आणि बूच काढायचं हत्यार घेऊन. मी मटण केलं होतं. तिने बाटली उजेडात धरली आणि बुचाच्या कडेने वर आलेला चिकट डाग नखाने खरवडला. पेल्यात रंग विटकरी उतरला. तिने वास घेतला. तिचा चेहरा मी ओळखते, लहानपणी रिझल्ट लपवताना असाच व्हायचा.

नवऱ्याने मात्र मोठा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! बघ, धीर धरला त्याचं चीज झालं. आता दोन वर्षं आपणही धरू, मग इन्शाल्ला निघूच."

मी लेकीच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

"आई, इट्स कुक्ड," ती हळूच म्हणाली.

"शिजवली कोणी? गॅसपासून चार हात लांब, कपाटात होती ती!"

"गॅस नाही गं. हीट. द होल हाउस. कधी एसी बंद असायचा का, बरेच दिवस?"

मी ओट्याला टेकले. दर वर्षी जुलैत आम्ही तिघं गावी जायचो. नवरा महिन्याने परतायचा, आम्ही मायलेकी शाळा सुरू होताना. निघताना फ्रिज रिकामा करायचा, सिलिंडर बंद करायचा आणि शेवटी दाराजवळचा मेन स्विच खाली ओढायचा, हे माझं काम. रिकाम्या घरात वायर जळाली तर काय घ्या, ही धास्ती. नवरा परत आला की फोनवर सांगायचा, नळाला चहाचं पाणी येतंय. आम्ही हसायचो. त्या बंद, तापलेल्या घरात बाटली दर उन्हाळ्यात महिनाभर उकडत होती. बारा उन्हाळे, आणि सगळे माझ्या हातचे.

बाहेर येऊन मी बसले. गप्प राहिले असते तर दोन वर्षं आणखी गेली असती, म्हणून बोलले. "वाइन खराब झालीय. मीच केली. गावी जाताना मेन बंद करायचे ना, उष्णतेने गेली ती."

"माहितीय," नवरा म्हणाला.

"काय माहितीय?"

"पहिल्या घोटालाच कळलं. जळक्या मनुकांसारखी लागतेय."

"मग वा कशाला केलंत?"

त्याने पेला फिरवला. लेक ताटातल्या मटणाकडे बघत बसली.

"इथे सकाळी सहाला फोन वाजतो," तो म्हणाला. "जहाज लागलंय, या. तिकडे मला कोण बोलावणार? तिथे मी कोण आहे?"

"तुम्हाला परत जायचंच नाहीये."

"नाही."

बारा वर्षांत हा शब्द त्याने एकदा तरी उच्चारला असता, तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी ठरवलं असतं. तो माझं मन मोडू नये म्हणून 'हो' म्हणत राहिला आणि मी त्या 'हो'वर दिवस काढत राहिले. मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला, हातापायांतून, तापातून उठल्यावर येतो तसा. मी तेवढंच विचारलं, "आणि मी?"

"तुझ्यासाठीच तर म्हणत होतो, जाऊ म्हणून," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. मला त्याची कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

सोमवारी त्याने सही केली. मी लेकीला फोन करून म्हटलं, "माझं एकटीचं तिकीट बघ."

"ओके. रिटर्न कधीचं?"

"रिटर्न नको," मी म्हटलं.

ती पहिल्यांदाच अख्ख्या मराठीत म्हणाली, "बरं आई. खिडकीजवळची जागा बघते."