रंगवलेलं इंजिन आणि करीमचाचांचा पेचकस

मंडळी, आज सकाळी माझ्या मूलभूत हक्कांवर घाला आला. शेजारच्या भरतचा जुना पिकअप माझ्या फाटकासमोर बंद पडलेला, आत माझी स्कूटर कैदेत आणि मी पाव आणायला चक्क पायी!

गाडी कालच इंजिनाचं काम होऊन आली होती. आज चावी फिरवली की नुसतं 'टक'.

"दहापर्यंत वळ गावच्या गोदामात माल पोचला न्हाय तर काम दुसऱ्याला देतील, दादा," भरत रडवेला झाला होता. मी लगेच निदान केलं, "बॅटरी गेली."

समोरच्या कापड कारखान्यात लूम दुरुस्त करणारे करीमचाचा रात्रपाळी संपवून येत होते. त्यांनी हेडलाइट लावायला सांगितला. लख्ख! "बॅटरी तो पहलवान है," म्हणत ते बॉनेटखाली वाकले. गॅरेजवाल्याने हौसेने अख्खं इंजिन रंगवलं होतं आणि अर्थिंगची वायर त्या रंगावरच आवळली होती; रंगामुळे स्टार्टरला करंटच पुरत नव्हता.

"दुल्हन सजा दी, साँस बंद कर दी! पेचकस लाओ."

मी घरातून स्क्रू ड्रायव्हर आणला. मुठीवरची लाल टेप चाचांनी ओळखली. सहा महिन्यांपूर्वी मी तो त्यांच्याकडूनच मागून नेला होता. त्यांनी वायर सोडवली, खालचा रंग खरवडला, पुन्हा आवळली. पहिल्याच चावीला गाडी गरजली!

सल्ला देणारे आपण सगळेच. आधी पाहून मग बोलणारा तुमच्या गल्लीत कोण आहे?

जाताना चाचांनी पेचकस माझ्याच हातात दिला. ते झोपल्यावर मी तो पुसून त्यांच्या दारातल्या खिळ्याला गुपचूप अडकवून आलो.