तणसाचं छप्पर

लग्नानंतर आम्ही चंद्रपुरात भाड्याच्या खोलीत राहायचो. घरमालक कधी खोली खाली करायला सांगेल याचा नेम नव्हता, म्हणून मी भिंतीत एक खिळासुद्धा ठोकू दिला नाही. कपडे पेटीतच असायचे.

नवरा शिवणकाम करायचा. एकदा त्याने शिवलेले एका गिऱ्हाईकाच्या घरचे लग्नाचे कपडे पोचवायला आम्ही सावली गावाजवळच्या एका खेड्यात गेलो. त्या घरच्या बाईने मला धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, दाखवायला नेलं. तिथे राखणीसाठी झोपडी होती. चार लाकडी बल्ल्या, वर धानाच्या तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं छप्पर, आत पाण्याचं मडकं. माझा पाय तिथून निघेना. इथून कोण उठवणार होतं आम्हाला?

"मी इथेच राहते," मी म्हणाले.

बाई हसली. "राहा ना बाई. पण धान घरी गेला का हे तणस बैलायले टाकतो आमी. छप्पर खाऊन टाकते ते."

आता आमचं स्वतःचं पक्कं घर आहे. साधं राहावं असं कोणी सांगितलं की मला चीड येते. साधे तर आम्ही होतोच, फक्त जागा आमची नव्हती. तरी दुपारी एकटी असले की राहावंसं वाटतं त्याच झोपडीत, जी बैलांनी त्याच वर्षी खाऊन टाकली.