नऊ जणांना हाक मारणारे नाना

मालूआजीचा फोन आला तेव्हा मी टोरोंटोत स्ट्रीटकारमध्ये होते, ऑफिसला निघालेली. खरं सांगते, मला वाटलं टीव्हीचा रिमोट परत बिघडला असेल, कारण सकाळी तिचा फोन त्याच्यासाठीच येतो. ती अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, नाना गेले. झोपेतच." मग जरा थांबून, "आता ग्राउंडवरच्या लोकांना कळवायला पाहिजे ना… तूच सांग बाई. मला इंग्लिश सुचतच नाहीये." आख्खं आयुष्य कॅनडात काढलेली, गावच्या लायब्ररीत नोकरी केलेली बाई, आणि त्या सकाळी तिचं इंग्लिश कुठे गेलं कोणास ठाऊक. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि फुटपाथवर उभी राहूनच ब्रेंडाला फोन लावला. ब्रेंडाचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि गावची बेसबॉल टीम तीच सांभाळते. तिने आधी आजीची चौकशी केली. मग म्हणाली, "मग यंदा नावं कोण घेणार?"

ही नावं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. नाना माझ्या आईचे काका, मालूआजी त्यांची बायको. मूळचे नागपूरचे, मायनिंग इंजिनिअर, पोटॅशच्या खाणीत नोकरी मिळाली म्हणून तरुणपणीच इकडे आले आणि सस्काटूनपासून तासाभरावर लार्कफील्ड नावाच्या एवढ्याशा गावात राहिले. एक मेन स्ट्रीट, एक धान्याचं एलिव्हेटर म्हणजे उंच कोठार, एक आइस रिंक आणि एक बॉल ग्राउंड, संपलं गाव. मी सस्काटूनला युनिव्हर्सिटीत होते तेव्हा दर वीकेंडला लाँड्रीची बॅग घेऊन त्यांच्या बेसमेंटमध्ये हजर असायचे, आणि मशीन फिरत असताना नाना मला लार्कफील्ड थ्रेशर्सच्या गोष्टी सांगायचे. थ्रेशर्स म्हणजे मळणीवाले. शंभरएक वर्षांपूर्वी ह्या गावाची चक्क मायनर लीगमध्ये टीम होती, म्हणजे बड्या लीगच्या खालच्या पायरीची, पण पगारी, खरीखुरी प्रोफेशनल. हे ऐकून मी म्हटलं होतं, "नाना, ह्या गावात पिझ्झा डिलिव्हरी होत नाही, आणि प्रोफेशनल टीम?" नाना म्हणाले, "म्हणूनच सांगून राहिलो ना बाप्पा. ऐक."

नानांची आणि बेसबॉलची ओळख कशी झाली, हा किस्सा आजी सगळ्यात रंगवून सांगते. पहिल्याच उन्हाळ्यात खाणीतले लोक त्यांना रविवारच्या गेमला घेऊन गेले. नाना कॉलेजच्या क्रिकेट टीमचे ओपनर. त्यांनी पहिलाच बॉल असा सणसणीत मारला की तो कुंपणाकडे गेला, आणि नाना बॅट हातात घट्ट धरून पळत सुटले. पहिल्या बेसला पोचून वाकून बॅट टेकवलीसुद्धा. सगळं ग्राउंड हसून लोळलं. तेव्हा ग्राउंडची देखभाल करणारा म्हातारा एमिल हळूहळू चालत आला, त्याने नानांच्या हातातली बॅट काढून घेतली आणि म्हणाला, "सोड बाळा. इथे कोणी चोरत नाही." नाना म्हणाले, "आमच्याकडे बॅट टाकून पळणाऱ्याला वेडा म्हणतात." एमिलला ते इतकं आवडलं की त्याने नानांना तिथेच आपल्या बाकावर बसवून घेतलं. एमिल त्या जुन्या थ्रेशर्सचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, होता आणि त्यांच्यातला एकटाच मागे राहिला होता.

मग दर रविवारी नाना त्या बाकावर. ती जुनी टीम दोनच उन्हाळे टिकली, लीगच बंद पडली, पण एमिलने त्या दोन उन्हाळ्यांचं इतकं सांगितलं की नानांना ती माणसं शेजारी राहत असल्यासारखी झाली. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, पहाटे गाईंचं दूध काढून गेमला यायचा आणि त्याच्या बोटांची पकड त्यामुळेच तशी होती म्हणे. सेंटर फील्डर रेल्वेत होता, मालगाडीची शिट्टी ऐकू आली की त्याचं लक्ष उडायचं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप युक्रेनियन शेतकऱ्याचा मुलगा, पेट्रो हावरिलेन्को. त्याचं नाव कोणाला धड घेता यायचं नाही म्हणून सगळीकडे नुसतं 'पीट एच'. नानांना हे फार लागलं, कारण खाणीत त्यांच्या सदाशिवचा 'सॅम' झाला होता. "माझ्या नावाची काशी झाली ती झाली," ते म्हणायचे, "ह्या पोट्ट्याचं तरी नीट घेऊ." ते युक्रेनियन चर्चमध्ये जाऊन तिथल्या बायकांकडून तो उच्चार शिकून आले. मी सेकंड इयरला असताना पेट्रोची नात सस्काटूनहून ड्राइव्ह करून आली होती, फक्त आजोबांचं पूर्ण नाव लाउडस्पीकरवर ऐकायला. नंतर तिने नानांचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही, आणि नाना तिला सांगत होते की तुझे आजोबा डावीकडचा बॉल कसा उचलायचे. स्वतः पाहिल्यासारखं.

हां, तर नावं. दर वर्षी सीझनच्या पहिल्या गेमआधी एमिल होम प्लेटमागे, म्हणजे जिथे बॅटिंग करतात तिथे, उभा राहून जुन्या टीमच्या नऊ जणांना नावाने हाक मारायचा, कोण कुठल्या जागेवर ते सांगून. शेवटी स्वतःचं नाव घ्यायचा आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा. मगच आजची टीम मैदानात यायची. तो थकला तेव्हा त्याने हे काम दुसऱ्या कोणाला नाही, नानांना दिलं. मला ह्याचा इतका अभिमान वाटतो की टोरोंटोत ऑफिसमधल्या प्रत्येकाला मी हे एकदा तरी सांगितलंय. नानांनी त्यात एकच बदल केला. प्रत्येक नावानंतर ते थांबायचे. चांगलं लांबलचक. मी एकदा विचारलं, एवढं का थांबता, लोक कंटाळतात. तर म्हणाले, "एमिल भराभर बोलायचा, त्याला ते दिसायचे. मला कुठे दिसतात? मग माणसाला पळत जागेवर यायला वेळ नको द्यायला?"

नाना गेल्यावर ब्रेंडाच्या कमिटीने ठरवलं की यंदा नऊ नावांनंतर दहावं नाव नानांचं घ्यायचं, आणि नावं मी घ्यायची. मी तर उडालेच. फ्लाइट बुक केली, आईबाबांना मिल्टनहून यायला लावलं, आणि नानांसाठी एक मोठा पॅरा लिहून काढला. लार्कफील्डला पोचून तो आजीला वाचून दाखवला. ती गवारीच्या शेंगा मोडत होती.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "पण हे वाचायचं नाही."

"का? अगं आजी, सगळ्या गावाला हवंय."

"ते टीममध्ये होते का?"

"आजी, त्यांनी इतकी वर्षं—"

"होते का?"

"नव्हते."

"मग? दुसऱ्याच्या टीममध्ये घुसायला त्यांना आवडलं असतं? नऊ जणांची टीम आहे, नऊच राहू दे."

मी रुसले. खरंच रुसले, ह्या वयात. मला नानांचं नाव त्या स्पीकरवर हवं होतं, पूर्ण, सदाशिव, कोणी सॅम न म्हणता. पण आजीपुढे काय बोलणार… ब्रेंडाला सांगितलं, तिचाही चेहरा पडला.

गेमच्या दिवशी वारा इतका होता की माइकमध्ये नुसती घरघर. मी घाबरले की फास्ट बोलते, आणि पहिली दोन नावं मी एका दमात घेतली. समोर स्टँडमध्ये आपापल्या खुर्च्या घेऊन बसलेले लोक टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा कळलं. मग मी थांबायला लागले. पिचर. थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शॉर्टस्टॉप, पेट्रो हावरिलेन्को. थांबले, आणि आजीची खुर्ची माझ्या बाजूलाच होती तर ती मान हलवत होती, उच्चार बरोबर आहे म्हणून. शेवटी कॅचर, एमिल. टाळ्या झाल्या. मी माइक बंद केला.

आता आजच्या टीमने मैदानात यायचं. कोणी आलं नाही. सगळी टीम डगआउटच्या, म्हणजे त्यांच्या बसायच्या जागेच्या, पायरीवर टोप्या काढून उभी. अंपायर हातात बॉल घेऊन उभा. स्टँडमधले सगळे उठून उभे राहिले, कोणी बोललं नाही, ब्रेंडासुद्धा. नाव कोणीच घेतलं नव्हतं, नुसते सगळे थांबले होते, रिकाम्या मैदानाकडे बघत. खूप वेळ. मला ते सहन होईना, मी आजीकडे वाकून म्हटलं, "आजी, सुरू करायला सांगू का?"

ती मैदानावरची नजर न हलवता म्हणाली, "थांब गं जरा. त्यांचे गुडघे दुखतात, वेळ लागेल."