सरदारांचं शयनगृह

इतिहासाच्या सहवासात माणूस आपोआप नम्र होतो. सिरसाळ्याजवळच्या त्या वाड्यात मी दिवसातून आठ-दहा वेळा नम्र झालो, कारण दाराची चौकट पाच फुटांची होती.

वाडा नुकताच दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडला होता. मधे चौक, भोवती सहा खोल्या. मी आणि बायको पहिलेच पाहुणे, दोन रात्रींसाठी. वाडा चालवणाऱ्या ताईंनी हे पहिल्या चहालाच सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत पाहुण्यांची ये-जा सुरू झाली नाही, तर धाकटा दीर खोल्यांत कापूस भरणार, हेही सांगितलं.

आमच्या खोलीवर पाटी होती : 'सरदारांचं शयनगृह'. भिंतीतल्या लोखंडी कडीला सरदार तलवार अडकवत, असं ताई म्हणाल्या. कडी गुडघ्याइतक्या उंचीवर होती. सरदार बुटके असावेत, अशी मी समजूत करून घेतली. दाराशीही ते जुळत होतं. कडीखाली दगडी, खोलगट ओटा होता. त्यात आमची बॅग छान मावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे म्हातारे गवळी दूध घेऊन आले आणि दारातून डोकावले.

"हितं झोपलात व्हय? आमची म्हैस राहायची हितं. अकरा वर्षं. लई गुणाची."

मग कडी कशाची आणि बॅग कशात ठेवली आहे, हे वेगळं विचारावं लागलं नाही.

"मामा, तुमी चहा घ्या अन् जावा," ताई म्हणाल्या. मग आमच्याकडे न बघता, "समोरची खोली खरंच बैठकीची हाय. ती देते. निघायचं असलं तरी सांगा."

बायकोने मामांना विचारलं, "म्हशीला इथं उकडायचं नाही का?"

"उन्हाळ्यात बी न्हाई. वाड्यात सगळ्यात गार खोली हीच. म्हणून तर तिला दिलती."

बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापत होतं. "मग आम्ही हलत नाही," बायको म्हणाली. "उलट एक रात्र वाढवा."

संध्याकाळी ताईंनी पाटी उतरवली आणि नवीन काय लिहू, म्हणून विचारलं. मी म्हणालो, जे आहे ते.

परवा पुन्हा जायचं म्हणून फोन केला. 'म्हशीची खोली' दिवाळीपर्यंत भरलेली आहे. हवी तर बैठकीची मिळेल. दिराने कापसासाठी पत्र्याचं शेड बांधायला घेतलंय.

त्या खोलीतल्या सलग मुक्कामाचा विक्रम अजून म्हशीच्याच नावावर आहे.