पौर्णिमेला आईनं वाचलेलं पान

आमच्या एकोडीच्या विहारात वर्षावासाचे तिन्ही महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचायचा मान बरीच वर्षं माझ्याकडे आहे, कारण माझा आवाज मोठा आहे. दुसरं कारण अजून कोणाला सापडलेलं नाही. आई पहिल्या रांगेत बसून ऐकायची. गेल्या पावसाळ्यात तिनं जाहीर करून टाकलं की समाप्तीच्या पौर्णिमेला एक पान ती वाचणार. रोवण्या-कापण्यांत जन्म गेलेल्या आईला तोवर फक्त सही येत होती.

शिकवायला अर्थात मीच बसलो. थोडी बाराखडी झाली नाही तोच थेट ग्रंथ तिच्या मांडीवर दिला. आणि आई घडाघडा वाचू लागली. मी साकोलीला ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला आणि चहासोबत माझी शिकवण्याची पद्धतही पाजली.

एका संध्याकाळी आईचं वाचन असंच रंगात आलं होतं. मी डोळे मिटून मान डोलवत होतो. भात उतरवून बायको बाहेर आली आणि क्षणभर उभी राहिली.

"अजी, आईचा चष्मा तर इथं खिडकीत आहे."

चष्म्याशिवाय आईला तांदळातला खडा दिसत नाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून ग्रंथ तिला पाठच झाला होता. बिचारी गोंधळून आम्हा दोघांकडे पाहत राहिली.

"मले वाटलं, वाचणं असंच रायते. तू बी तं पुस्तकाकडे न पाहताच वाचतं."

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी तिनं ताब्यात घेतली. आईनं कधी न ऐकलेलं काहीतरी हवं, म्हणून दुसरीतल्या आमच्या मुलीचं पुस्तक काढलं. तेव्हा कळलं की आमची लेकही चित्रं पाहूनच गोष्ट ठोकून देते. मग आजी चित्रावर तळहात ठेवायची, आणि आजी मनचं जोडते का यावर नात कान ठेवायची. दोघी एकमेकींच्या पक्क्या पोलीस. लाइट गेली की टॉर्च धरायची, एवढीच नोकरी मला उरली. धान निसवून लोंब्या बाहेर पडेपर्यंत लेक रस्त्यानं दुकानांच्या पाट्या वाचत चालू लागली. आईचं गाडं मात्र अक्षरा-अक्षराला अडायचं.

पौर्णिमेला विहार पांढऱ्या कपड्यांनी भरला होता. आईनं चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत अडली. आता ग्रंथ काही एकट्या आईलाच पाठ नव्हता. मागून कुणीतरी हळूच शब्द पुरवला, मग शेजारच्या काकांनी पुढची अख्खी ओळच सांगितली. आईनं मान वर केली.

"थांबा ना जी. पुढं काय हाय ते मलेही माहीत हाय. मी वाचून राहिली."

आणि तिनं पुन्हा ओळीवर बोट टेकवलं. बोट सरकत राहिलं, बाहेर पातेल्यातली खीर निवत राहिली, पोरं चुळबुळत राहिली. शेवटचा शब्द आला तेव्हा नातीनं सगळ्यांआधी टाळी वाजवली. आता पुढचं मी वाचायचं, म्हणून मी ग्रंथ घ्यायला हात पुढे केला.

आईनं पान उलटलं.